वानराचे तीन टोचे

एका जंगलात एक शहर राहत असे. हसू नका! जंगलात कसलं आलंय शहर, असंच मनात म्हणालात ना? मला कळतं सगळं. तर ऐका. ओढ्याच्या काठाला सात म्हातारे बेहडे होते. बेहडे म्हणजे झाडं, आणि ती इतकी उंच की शेंडा बघताना मान दुखावी. त्यांच्या फांद्याफांद्यांत ढोल्या होत्या. त्या ढोल्यांतून पिंगळे राहायचे, राघू राहायचे, साळुंक्या, खारी, धनेश, कोण कोण राहायचं. वरच्या मजल्यावरून कोण घाण टाकतं यावरून रोज सकाळी भांडण व्हायचं. मग याला शहर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? त्याचं नाव होतं ढोलीनगर.

आता सांगा, ढोलीनगरात सगळ्यात मोठी काळजी कसली? खाण्याची? छे! ओढ्याकाठी उंबरं होती, करवंदं होती, किडे तर विचारूच नका. काळजी होती फांदीची. झाडं म्हातारी. काही फांद्या आतून भक्कम, काही आतून कुजून नुसता भुसा. आणि गंमत अशी की बाहेरून दोन्ही सारख्याच दिसायच्या. कुजक्या फांदीत घर केलं की एक दिवस अंडी, पिलं, आई, सगळ्यांसकट फांदी खाली.

म्हणून तिथं एक जुनी चाल होती. कुणाला ढोली द्यायची झाली की आधी सुतार पक्षी त्या फांदीवर बसून चोचीनं ठोकायचा. 'टण्ण' वाजलं तर फांदी पक्की, 'बद्द' वाजलं तर कुजकी. टण्ण वाजलं तरी काम संपायचं नाही बरं का! मग नगराचा जो मुख्य असेल त्यानं सगळ्यांसमोर त्या फांदीला लोंबकळायचं आणि एक जोरदार झोका घ्यायचा. ढोली देणाऱ्यानं आधी स्वतःचा जीव टांगायचा, मग दुसऱ्याला आत पाठवायचं. एवढं झालं की सुतार पक्षी सालीत ओळीनं तीन टोचे मारायचा. तीन टोचे दिसले की खुशाल संसार थाटा.

त्या वेळी मुख्य होतं एक म्हातारं अस्वल. काय त्याचा झोका असायचा! एवढं मोठं धूड फांदीला लटकून मागंपुढं व्हायचं आणि खाली पिलं ओरडायची, "आजोबा, अजून एक! अजून एक!" आजोबाही खुळे, ते खरंच अजून एक घ्यायचे.

मग एका उन्हाळ्यात वणवा आला. ओढ्यापलीकडचं गवत पेटलं आणि वारा फिरला. धूर थेट ढोल्यांत! उडणारे उडाले. पण धनेशीण कशी उडणार? धनेशांची रीत तुम्हाला ठाऊक आहे का? अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि चिखलानं दार लिंपून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवायची. मग कितीतरी दिवस ती आत, तिची पिसंसुद्धा गळतात, आणि नर बाहेरून एकेक फळ आणून त्या फटीतून भरवतो. तर अशी ती कोंडलेली, आत दोन पिलं, आणि बाहेर धूर. धनेश नुसता घिरट्या घालत ओरडत होता, "कुणीतरी या हो! कुणीतरी या!"

आणि आला! वानरांच्या टोळीतला एक तरणाबांड हुप्प्या धुरातून झेप घेत आला. नखांनी चिखल फोडला, एका हातानं धनेशिणीला छातीशी धरलं, दुसऱ्या हातात दोन्ही पिलं घेतली आणि चार उड्यांत ओढ्यापार! त्याच्या शेपटीचा गोंडा जळला होता, भुवया जळल्या होत्या, आणि तो हसत होता. धनेशीण रडत म्हणाली, "बाळा, तुझ्या हातात माझी पिलं होती, मला भीतीच वाटली नाही रे!" सांगते तुम्हाला, त्या दिवशी मी तिथं असते तर मीसुद्धा त्याच्या नावानं ओरडले असते.

वणवा विझल्यावर अस्वल म्हणालं, "माझे गुडघे गेले. आता या पोराला करा मुख्य." झालं! सातही झाडांवर जल्लोष. पंख वर करून मत द्यायचं होतं, तर काहींनी दोन्ही पंख वर केले आणि धपकन खाली पडले. साळुंकी तर फांदीफांदीवर ओरडत सुटली, "हुप्प्यादादा आगे बढो! हुप्प्यादादा आगे बढो!"

पहिले काही महिने हुप्प्यादादानं चोख काम केलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण खोटं बोलायची मला सवय नाही. सुतारकाका ठोकायचे, दादा झोका घ्यायचा. मग एक दिवस एक पिंगळा आला. त्याला ओढ्यावरची ढोली हवी होती, गार वाऱ्याची. सुतारकाकांनी ठोकलं. बद्द. पिंगळ्यानं हळूच मोहळाचा एक तुकडा पुढं सरकवला, मध नुसता निथळत होता.

दादा मध बघत म्हणाला, "काका, पुन्हा ठोका."

"बद्द."

"तुमच्या कानात मळ झालाय काका."

"कानात नाही रे बाबा, फांदीत भुसा झालाय."

दादानं मध चाटला. दुसऱ्या दिवशी तो साळिंदराचा एक लांब काटा घेऊन आला आणि त्या फांदीत स्वतःच तीन टोचे मारले. टुक, टुक, टुक. झोका? "अरे, आज पाठ धरलीय," म्हणाला. आणि खरी गंमत, की ती फांदी पडली नाही! वर्षभर पडली नाही. दादा सगळ्यांना सांगत सुटला, "बघा! काका म्हणत होते कुजकी. पडली का? पडली का?"

झालं, इथून सगळं बिघडलं. दादा तो काटा कानामागं खोचून फिरायला लागला. ढोली हवी? आधी काय आणलंय ते दाखवा. मध, टेंभुर्णीची पिकलेली फळं, मोहाची फुलं. आणलं तर टुक टुक टुक, फांदी कशी का असेना. नाही आणलं तर फांदी दगडासारखी पक्की असली तरी "उद्या या." उद्या गेलं की "काटा घरी राहिला, परवा या." सुतारकाका कुरकुरले, तेव्हा दादानं त्यांचा मोठा सत्कार केला. अंगावर सागाचं पान पांघरलं, चोचीत बेहड्याचं फळ दिलं आणि सांगितलं, "काका, खूप राबलात, आता आराम करा." काका ते पान तिथंच टाकून पलीकडच्या सागाच्या रानात निघून गेले. झोक्याची चाल तर कधीच मोडली होती. दादाचं पोट एवढं सुटलं होतं की झोका घेणार कुठून!

आणि हावरटपणाच्या भरात दादानं आणखी एक गोष्ट केली, ती नीट लक्षात ठेवा. सातही झाडांवर सुतारकाकांचे जुने टोचे होते ना, खरे, तपासून मारलेले? ते त्यानं चिखलानं बुजवून टाकले आणि त्यावर आपल्या काट्याचे टोचे मारले. सगळीकडे आपलीच खूण दिसली पाहिजे! साळुंकी ओरडली, "वा! दादांनी एका दिवसात अख्खं शहर पक्कं केलं!" आणि लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. कधीकधी मला या ढोलीनगरवाल्यांचाच जास्त राग येतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात धनेशिणीची पुन्हा अंडी घालायची वेळ आली. धनेश बिचारा सरळ. रिकाम्या चोचीनं गेला दादाकडे. "दादा, एक ढोली हवी होती. तुम्ही ओळखताच आम्हाला."

"ओळखतो की! उद्या या."

पाच दिवस "उद्या या" झालं. सहाव्या दिवशी धनेशीण म्हणाली, "अहो, आता माझ्याच्यानं धीर धरवत नाही." मग धनेशानं तिच्यासाठी जमवलेली सगळी उंबरं चोचीत भरून दादापुढं ओतली. दादानं बसल्या जागेवरून वर न बघता हात लांब केला, जवळच्या फांदीत टुक टुक टुक. धनेशीण आत गेली, तिनं दार लिंपून घेतलं. अंडी झाली, पिसं गळली, पिलं निघाली. तीन पिलं! धनेश दिवसभर फळं वाहून दमायचा आणि फटीतून येणारी ची ची ऐकून पुन्हा उडायचा.

अशाच एका सकाळी सुतारकाका सहज इकडं आले. बसले धनेशाच्या फांदीवर, आणि जुनी सवय, चोच आपली वाजलीच.

बद्द.

काकांनी पुन्हा ठोकलं. बद्द. अलीकडं ठोकलं, पलीकडं ठोकलं. बद्द, बद्द. धनेशाच्या चोचीतलं उंबर खाली पडलं.

"काका, माझी पिलं आत आहेत हो."

"ऐक," काका म्हणाले, "ओरडू नकोस. फांदी आज आहे, उद्या असेलच असं नाही. पिलांना हलव. पण आधी पक्की जागा बघ, नाहीतर एका भुशातून दुसऱ्या भुशात."

त्याच सकाळी ढोलीनगरची सभा होती. दादाला पुन्हा मुख्य करायचं होतं. काट्याला फुलं बांधली होती, साळुंकीचा घसा आधीच बसला होता. धनेश सभेच्या मधोमध जाऊन उतरला.

"दादा," तो म्हणाला, "मी तक्रार करायला नाही आलो. मला फक्त एक पक्की फांदी दाखवा. माझ्या पिलांसाठी. आणि दाखवाल तिला एक झोका घ्या. अस्वलआजोबा घ्यायचे तसा. एकच."

"अरे, तीन टोचे आहेत ना सगळीकडे?" दादा हसला.

"मग घ्या की झोका!" मागून कुणीतरी म्हणालं.

आणि पिलांनी ओरडायला सुरुवात केली, "झोका! झोका!" कितीतरी दिवसांत झोका पाहिला नव्हता हो कुणी! मोठेही ओरडायला लागले. राघू ओरडले, खारी शेपट्या आपटायला लागल्या, सातही झाडं दुमदुमली. "झोका! झोका! दादा, झोका!"

दादा ऐटीत उठला. त्यात काय, एखादी पक्की फांदी धरायची, लटकायचं, काम झालं. त्यानं वर बघितलं.

सगळ्या फांद्यांवर तीन टोचे होते! पिंगळ्याच्या फांदीवर तीन, राघूच्या फांदीवर तीन, समोर तीन, मागं तीन. यातली कुजकी कुठली? मधाच्या बदल्यात दिलेली कुठली, मोहाच्या फुलांवर दिलेली कुठली? पक्की कुठली? काकांचे टोचे तर त्यानंच बुजवले होते! बाकी शहराला निदान दादा सांगेल असा विश्वास होता. दादाला सांगणारं कोण होतं? सगळ्या ढोलीनगरात पक्की फांदी कुठली हे ठाऊक नसल्याची खात्री फक्त एकट्या दादालाच होती.

"काकांना ठोकून बघू दे की आधी," अस्वल हळूच म्हणालं. म्हातारं भलं होतं, त्याला वाचवायला बघत होतं.

दादाचा एवढा मोठा अहंकार, तो ऐकतोय कशाला! "माझ्या शहरात माझी खूण पुरते!" तो गरजला. सगळ्यात जाड फांदी त्यानं निवडली, ओढ्यावर झुकलेली, हिरवीगार. जाड आहे म्हणजे पक्कीच असणार! त्यानं पळत जाऊन झेप घेतली, दोन्ही हातांनी फांदी धरली, झोका गेला पुढं, आला मागं, पिलांनी टाळी वाजवायला पंख उचलले, आणि...

कडाड्!

फांदी, दादा, फुलं बांधलेला काटा, सगळं थेट ओढ्याच्या चिखलात! भुशाचा असा ढग उठला की समोरचं दिसेना. बरं तर बरं, त्या फांदीत त्या वर्षी कुणी राहत नव्हतं. मग एक खार किंचाळली, "ही कुजकी, तर माझी कशी आहे?" आणि मग जी पळापळ झाली! जो तो आपल्या ढोलीकडे, जो तो सुतारकाकांना हाका मारतोय, "काका, माझी ठोका! काका, आधी माझी!"

काका ओरडले, "आधी धनेशाची पिलं! बाकीच्यांना पंख आहेत!" ते या झाडावरून त्या झाडावर उडत ठोकत सुटले. बद्द. बद्द. टण्ण! तिसऱ्या बेहड्यावर एक रिकामी ढोली खणखणीत वाजली. जागा मिळाली. पण पिलांना तिथं न्यायचं कुणी? पिलांना पंख नाहीत, आईची पिसं गळलेली, आणि अस्वल चढलं असतं तर फांदी तिथंच मोडली असती. त्यासाठी हात हवे होते, हलके आणि चपळ.

चिखलानं माखलेला दादा लंगडत उभा राहिला. "मी नेतो," तो म्हणाला. खरंच म्हणाला, मनापासून. "मागं मीच नेली होती ना? आठवतं ना वहिनी?"

फटीतून धनेशिणीची चोच दिसत होती. ढोलीची फांदी करकरत होती. तिच्या पिलांच्या जिवाचा प्रश्न होता, आणि समोर तेच हात होते. तिनं त्या हातांकडे निरखून बघितलं.

"आठवतं," ती म्हणाली. "तेव्हा तुझे हात रिकामे होते, म्हणून माझी पिलं त्यात मावली. आता मला तुझ्या हातांची भीती वाटते. तू नको."

दादानं हात मागं घेतले. वणव्यात जळला नव्हता एवढा तो त्या वेळी भाजला असेल.

तेवढ्यात टोळीतली एक सडपातळ वानरी पुढं झाली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तिनं दार फोडलं, एक पिलू नेलं, परत आली, दुसरं नेलं. फांदी आता उघड उघड वाकली होती. तिसऱ्या खेपेला तिनं आईला पाठीवर घेतलं, पिलाला छातीशी धरलं, "घट्ट धरा हं काकू!" म्हणाली आणि उडी मारली. तिचे पाय सुटले आणि फांदी गेली! मागं फक्त भुसा हवेत तरंगत राहिला. पलीकडच्या ढोलीतून तीन पिलांची ची ची ऐकू आली, तेव्हा धनेश फांदीवर बसून ढसाढसा रडला.

पुढं काय विचारता! सुतारकाका परत आले. संध्याकाळपर्यंत सातही झाडं ठोकून झाली, निम्मं शहर बिऱ्हाड घेऊन इकडचं तिकडं झालं. ढोलीनगरानं त्या वानरीला मुख्य केलं, आणि पहिलाच झोका तिनं असा घेतला की अस्वलआजोबा खालून ओरडले, "अजून एक!"

हुप्प्याला कुणी हाकललं नाही. तो स्वतःच निघाला, साळिंदराचा काटा चिखलातच टाकून. म्हणतात, त्यानंतर तो जिथं जाईल तिथं फांदीवर बसण्याआधी ती दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायचा, आणि बघूनही नीट बसायचा नाही. आजही वानरं फांद्या गदागदा हलवतात, तुम्ही पाहिलं असेल.

तात्पर्य : जो लोकांच्या कुजक्या फांद्यांवर पक्केपणाची खूण मारतो, त्याच्यावर स्वतः लटकायची वेळ आली की अख्ख्या शहरात त्याला एकही पक्की फांदी सापडत नाही.